विश्लेषण : ‘कविता कुसुमाग्रजांचीच ना?’ मित्रांच्या ग्रुपवर कवीचे नाव का बदलते?

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून कविता येऊ लागतात. कुणी टोपणनावांचे कोडे घालतो, मध्येच कुणी ‘फोनची बॅटरी लवकर का उतरते?’ असे विचारतो. तेवढ्यात एक भावुक कविता येते, खाली नाव कुसुमाग्रज. ‘कोणत्या संग्रहातली?’ एवढे विचारले, की ग्रुप शांत!

नावांचा घोळ का होतो?

टोपणनावे एकमेकांसारखी आहेत. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर. कुसुम ही शिरवाडकरांची बहीण, तिचा अग्रज म्हणून कुसुमाग्रज. आरती प्रभू हे तर चिं. त्र्यं. खानोलकर. शिवाय मोठे नाव जोडले, की कविता जास्त वाचली जाते. म्हणून अनोळखी कवीच्या ओळी प्रसिद्ध कवीच्या खात्यात जमा होतात.

‘फॉरवर्डेड’ची खूण काय सांगते?

एकेरी बाण म्हणजे मजकूर पुढे पाठवलेला आहे. दुहेरी बाण म्हणजे तो मूळ प्रेषकापासून किमान पाच टप्पे फिरून आला आहे. असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये आली. मात्र मजकूर कॉपी करून चिकटवला, की ही खूण राहत नाही. नेमक्या याच टप्प्यावर कवीचे नाव गळते किंवा बदलते. कविता मग पाठवणाऱ्याने स्वतः टंकल्यासारखी दिसते. त्यामुळे खूण नाही म्हणून नाव खरे, असे समजू नये.

खातरजमा कशी करायची?

कवितेतले सलग चार-पाच शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. ऱ्हस्व-दीर्घ किंवा अनुस्वार बदलला तरी निकाल हुकतो, म्हणून दुसऱ्या ओळीनेही शोधून पाहा. कविता चित्राच्या रूपात असेल तर गूगल लेन्सने अक्षरे उचलता येतात. दहा संकेतस्थळांवर तेच नाव दिसले तरी तो पुरावा नव्हे. तीही एकमेकांची नक्कल असू शकतात. कवितासंग्रहाचे नाव आणि पान मिळाले, तरच खात्री. ग्रुपमध्ये कुणाच्या कपाटात तो संग्रह असेल, तर पानाचा फोटो मागवणे सर्वांत सोपे.

एवढे महत्त्व कशाला?

समजा, ग्रुपमधल्याच एका मैत्रिणीने आईवर कविता लिहिली. पंधरा दिवसांनी तीच कविता दुसऱ्या ग्रुपवरून, मोठ्या कवीच्या नावाने तिच्याच फोनवर आली. आता ‘ही माझी आहे’ म्हटले, तर चोरीचा आळ तिच्यावरच! भारतीय कायद्यानुसार प्रताधिकार साधारणतः कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९१८ मध्ये निवर्तलेल्या बालकवींच्या कविता त्यातून मुक्त आहेत. १९९९ मध्ये निवर्तलेल्या कुसुमाग्रजांच्या नाहीत. पण कविता मुक्त झाली, तरी तिच्याखाली भलतेच नाव घालणे योग्य ठरत नाही.

नाव ठाऊक नसेल, तर ‘कवी माहीत नाही, कुणाला ठाऊक असल्यास सांगा’ असे लिहून पाठवावे. ग्रुपला एक नवे कोडे मिळेल आणि कदाचित कवितेला तिचा कवीही.