दसऱ्यानंतर मगांची ऑर्डर घेऊ नका

दिवाळीला भेट द्यायला हाताने घडवलेले मग हवेत, असे फोन नेमके दसऱ्यानंतर येतात. हातात उरतात 20 दिवस. चाकावर मग 10 मिनिटांत उभा राहतो, म्हणून आपण हो म्हणून बसतो. वेळ खातं ते वाळणं. पाऊस नुकताच सरलेला, हवेत ओल. जाड बुडाला आठवडाही लागतो. घाईने उन्हात ठेवलात तर कान आधी वाळतो आणि जोडावर चीर पडते. पहिले दोन दिवस मग प्लास्टिकखाली झाकूनच ठेवा.

आत ओल राहिली, तर भट्टी 100 अंशांपुढे जाताच वाफ भांडं फोडते, वर शेजारच्याचंही नुकसान. म्हणून भट्टीत रचण्याआधी भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून ओलं आहे.

पुढे कच्ची भाजणी, मग झिलई लावून दुसरी. भट्टी थंड होईपर्यंत प्रत्येकीचे दोन दिवस धरा. माती 10 टक्के आकसत असेल, तर 9 सेंटिमीटर उंचीच्या मगासाठी 10चा घडवावा लागतो. आणि सहाची ऑर्डर असेल तर आठ घडवा.

उशिरा फोन करणाऱ्यांना मी पणत्या सुचवते. पातळ, बिनकानाच्या, एकाच भाजणीत तयार.