हिवतापाची गोळी आणि तांबडी पेशी

सुरतेतील पांडेसऱ्याच्या गिरण्यांत खानदेशातून आलेले पुष्कळ मराठी कामगार आहेत. हिवतापाच्या ‘व्हायव्हॅक्स’ प्रकारात जंतू यकृतात दडतात. त्यांच्या नाशासाठी १४ दिवस प्रायमाक्विन देतात. बहुतेकांना ती सोसते. एखाद्याची लघवी मात्र दोनतीन दिवसांत काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. ‘गोळी उष्ण पडली’, असे घरचे म्हणतात. उष्णतेचा येथे काही संबंध नाही.

लोखंडाला गंज चढावा, तसा या औषधाने तांबड्या पेशीतील हीमोग्लोबिनवर प्राणवायूचा मारा होतो. ग्लुटाथायोन हे द्रव्य तो मारा झेलते. खर्च झालेले ग्लुटाथायोन पुन्हा सज्ज होते ते ‘जी-६-पीडी’ या एन्झाइमच्या बळावर. ते जन्मतः उणे असले, की बिघडलेल्या हीमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि पेशी फुटते. १९५६ साली अमेरिकेत हा उलगडा झाला. १९६३ साली मुंबईच्या पारशी समाजात हे वैगुण्य आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

हा दोष मुलाला आईकडून येतो व पुरुषांना अधिक बाधतो. तेव्हा मामाला कधी असे झाले होते काय, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. गोळीपूर्वी रक्त तपासता येते. लघवी काळवंडली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.