साथ सर्वांना सारखीच गाठते का?

‘रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही’ हे वाक्य 2020च्या मार्चपासून इतक्यांदा कानावर पडलं, की ते शास्त्राचा नियम असल्यासारखं वाटू लागलं. विषाणूपुरतं ते खरंही आहे. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो: विषाणू भेद करत नाही, म्हणून साथही करत नाही, असं आपण धरून चालतो. पण विषाणू कोणाच्या घरात किती लवकर शिरतो, तापात माणसाला कामावरून रजा घेता येते का, डब्यात आठवड्याचा शिधा आहे का, उशाशी पाणी ठेवणारं कोणी आहे का, या सगळ्यांची मिळून साथ होते. आणि या गोष्टी आपल्या समाजात कधीच सारख्या वाटल्या गेल्या नव्हत्या.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईच्या 1918च्या इन्फ्लुएंझाने मागे ठेवला आहे. जूनमध्ये आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरनंतरची दुसरी भीषण ठरली. 6 ऑक्टोबरला, एका दिवसात, शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. त्या साथीतले मृत्यू समाजवार मोजले गेले होते. युरोपीय लोकांत दर हजारी 8.3, पारशांत 9, मुसलमानांत 19.2, इतर हिंदूंत 18.9 आणि सरकारी कागदांत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं त्यांच्यात 61.6. शहर एक, हवा एक, विषाणू एक. तरी दलित वस्तीतल्या माणसाचा मरण्याचा धोका युरोपीय माणसाच्या सातपटींहून अधिक आणि सवर्ण शेजाऱ्याच्या तिपटीहून अधिक होता.

यावर पहिला आक्षेप आकड्यांवर घेतला जातो. जनगणना होऊन सात वर्षं लोटली होती, दरम्यान कामासाठी आलेल्यांची भर पडली असेल, तर दर फुगलेला दिसणारच. आक्षेप रास्त आहे आणि 61.6 मधला दशांश कोणी वेदवाक्य मानू नये. पण सगळा फरक यातून निघायचा तर त्या वस्त्यांची लोकसंख्या सात वर्षांत कित्येक पटींनी वाढायला हवी होती. शिवाय गरिबाघरचा मृत्यू नोंदीतून सुटण्याची शक्यता बंगल्यातल्या मृत्यूपेक्षा जास्तच. दुसरा आक्षेप वंशाचा: युरोपियनांची प्रकृतीच वेगळी असेल. मग एकाच शहरातल्या, एकाच धर्माच्या दोन गटांत तिपटीहून मोठा फरक कुठून आला? आणि ही साथ वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयावर विशेष उलटली होती. मुंबईतल्या युरोपियनांत सैनिक, अधिकारी, व्यापारी असे याच वयाचे लोक बरेच होते. निव्वळ वयाचा हिशेब केला तर ते जास्त मरायला हवे होते.

विषमता म्हणजे औषधपाण्याला पैसे नसणं, एवढाच अर्थ अनेक जण घेतात. 1918 इथे डोळे उघडतं, कारण तेव्हा विकत घेण्याजोगं औषधच नव्हतं. लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. माणूस वाचे तो विश्रांतीने, अन्नाने, शुश्रूषेने. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं आणि मुंबईचे बहुतेक कामगार एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्या बिऱ्हाडांतही जात उतरंड ठरवत होती. गिरणीतलं विणकाम खातं जास्त मजुरीचं. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून काढावं लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर विटाळ होई, हे कारण. धोट्याच्या त्या बारीकशा भोकातून मजुरी ठरली, मजुरीवरून खोली ठरली आणि ताटात काय पडायचं तेही. बाईचं ताट तर शेवटी वाढलं जाई आणि उशाशी बसण्याचं कामही तिचंच. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या.

शंभर वर्षांनी कोविड आला, तेव्हा ‘गरिबांची प्रतिकारशक्ती दांडगी असते’ असा उलटा समज पसरला. जुलै 2020मध्ये मुंबईच्या माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली, इमारतींत 16 टक्के. म्हणजे लागण रोखणारी कुठलीही दांडगी शक्ती तिथे नव्हती. उलट विषाणू साडेतीनपट लोकांपर्यंत पोचला होता. लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण तिथे कमी दिसलं हे खरं. पण वस्त्यांचं सरासरी वय कमी असतं आणि कोविड म्हाताऱ्यांना जास्त मारत होता. 1918चा विषाणू तरुणांवर उलटला तेव्हा ही कथित प्रतिकारशक्ती कुठे होती? 2021च्या दुसऱ्या लाटेत बहुतेक रुग्ण उंच इमारतींतून नोंदले गेले, तेव्हा पुन्हा हाच निष्कर्ष काढला गेला. वस्त्यांनी आधीच्या वर्षी लागणीची किंमत मोजली होती आणि चाचणी करून घेण्याची सोय इमारतींत जास्त होती, हे मात्र त्यात धरलं गेलं नाही.

त्याला जोडूनच ‘ते लोक शिस्त पाळत नाहीत’ हा आरोप होतो आणि तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. धारावीत महापालिकेच्याच म्हणण्यानुसार सुमारे 80 टक्के रहिवासी सार्वजनिक शौचालय वापरतात. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘घरातच थांबा’ कसं सांगणार? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असतील तर विलगीकरण कोणत्या कोपऱ्यात करायचं? एप्रिल 2020मध्ये पहिला रुग्ण सापडल्यावर पालिकेने तिथे शौचालयांचं निर्जंतुकीकरण केलं, घरोघर तपासणी केली, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची व जेवणाची सोय केली. तेव्हा त्याच लोकांनी सहकार्य केलं आणि जुलैपर्यंत जागतिक आरोग्य संघटना धारावीचं उदाहरण देऊ लागली. अडचण जागेची होती. जागा मिळताच आकडे उतरले.

शेवटचा गैरसमज मोजणीतच दडलेला आहे: साथीचे बळी म्हणजे रोगाने गेलेले. 8 मे 2020च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून पायी गावाकडे, मध्य प्रदेशात, निघाले होते. कोविडच्या कुठल्याही तक्त्यात ते नाहीत. टाळेबंदी चार तासांच्या सूचनेवर लागू झाली, तेव्हा महिन्याचा पगार बँकेत जमा होणाऱ्याला आणि आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला तिने सारखंच घरी बसायला सांगितलं होतं. त्यातल्या दुसऱ्याचं घर अनेकदा शेकडो किलोमीटरवर होतं. रोजच्या सरकारी कोविड आकडेवारीत वय होतं, लिंग होतं, जिल्हा होता. जात, व्यवसाय किंवा घराचा आकार नव्हता. 1918च्या मुंबईचा तक्ता वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीच्या वर्गवारीने केला होता, तरी त्यावरून आज आपण प्रश्न विचारू शकतो. स्वतंत्र भारताच्या सर्वांत मोठ्या साथीचा तसा तक्ता आपण केलाच नाही. पुढच्या साथीच्या मृत्यू-नोंदीत जात, व्यवसाय आणि घराचा आकार हे तीन रकाने आधीपासून असावेत, ही मागणी आज, साथ नसताना, करायला हवी.