काजू कारखाना : कागदावरचे दिवस आणि प्रत्यक्ष दिवस

वालावल, नेरूर, पाट भागातील बागायतदार बंधूंनो, काजू बी विकण्याऐवजी गर काढून विकण्याचा विचार असेल, तर प्रकल्प अहवालातील एक आकडा नीट तपासा. तो म्हणजे वर्षात कारखाना किती दिवस चालेल, हा. उत्पन्नाचा सारा हिशोब त्यावर उभा असतो आणि कारखाना बंद राहिला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

हिशोब कसा मांडतात?

यंत्र २०० तासांपैकी १९० तास चालले व १० तास दुरुस्तीत गेले, तर त्याची उपलब्धता ९५ टक्के होय. बॉयलर, कटिंग यंत्र, ड्रायर, सोलणी यंत्र व पॅकिंग यंत्र यांची साखळी असते. पाचही यंत्रे ९५ टक्क्यांची असली तरी गुणाकार केल्यावर कारखान्याची उपलब्धता सुमारे ७७ टक्केच भरते. म्हणजे ३०० दिवसांपैकी सुमारे २३२ दिवस.

हिशोब कोठे चुकतो?

१) प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे बिघडते असे सूत्र धरते. परंतु पावसाळी वादळात वीज गेली की सर्व यंत्रे एकदम थांबतात. जोडीला ठेवलेले दुसरे यंत्रही मग उपयोगी पडत नाही.

२) पट्टा बदलण्यास दोन तास पुरतात, पण तो बाहेरगावाहून यायचा असेल तर दोन दिवस जातात. अहवालात बहुधा दोन तासच असतात.

३) कारखाना यंत्राविनाही बंद पडतो. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प २००१ मध्ये वीज मंडळाशी झालेल्या दर व देयकांच्या वादात बंद पडला. पुढे रत्नागिरी गॅस कंपनीकडे आल्यावर २०१३ मध्ये वायू न मिळाल्याने निर्मिती थांबली. यंत्राच्या बिघाडाचे सूत्र असे दिवस मोजत नाही. तुमच्याकडे वायूच्या जागी काजू बी आणि खेळते भांडवल आहे.

काय करावे?

* यंत्र घेण्यापूर्वी चालू कारखान्याची पावसाळ्यातील नोंदवही पाहावी.
* बंद पडल्याची तारीख, तास व कारण लिहावे. वीज, बिघाड, सुटा भाग, मजूर व माल असे रकाने पाडावेत.
* जून ते सप्टेंबरचा हिशोब वेगळा काढावा.
* पट्टे, बेअरिंग व पाती जवळ ठेवावीत.
* दोन टप्प्यांमध्ये थोडा माल शिलकीत ठेवावा, म्हणजे एक यंत्र थांबल्यास पुढचे चालू राहते.

सूत्र टाकाऊ नाही. कोणते यंत्र कच्चा दुवा आहे, हे ते चांगले दाखवते. मात्र कर्जाचा हप्ता ठरवताना सूत्राचे दिवस न धरता नोंदवहीतील दिवस धरावेत.