नोरेनच्या आतली पेढी

पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याने चालवलेल्या जुन्या दुकानाला जपानी भाषेत ‘शिनिसे’ म्हणतात. हा शब्द ‘शिनिसु’ या जुन्या क्रियापदावरून आला असून, आधीच्यांनी केले तसेच करीत राहणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे नुसते जुने असणे शिनिसेला पुरत नाही, हाताखालचे काम अखंड चालू असावे लागते. क्योतो शहरात अशा दुकानांची दाटी आहे, आणि त्याचे कारण इतिहासात सापडते: ७९४ पासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे शहर सम्राटाचे निवासस्थान होते, त्यामुळे दरबार, बौद्ध मठ आणि चहाविधीची घराणी असे चोखंदळ गिऱ्हाईक येथील कारागिरांना शतकानुशतके मिळत राहिले.

अशा दुकानाची पहिली खूण म्हणजे ‘नोरेन’, अर्थात दारावर टांगलेला, मधोमध चिरलेला कापडी पडदा. तो बाहेर असला की दुकान उघडे आणि आत घेतला की बंद, एवढे प्रवाशाला कळले तरी दाराशी घुटमळणे वाचते. मात्र नोरेनचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. त्यावर पेढीचे चिन्ह असते, आणि पेढीची पत म्हणजेच नोरेन असे मानले जात असल्याने जपानी हिशेबशास्त्रातही ‘गुडविल’साठी हाच शब्द रूढ आहे. अनेक वर्षे निष्ठेने राबलेल्या नोकराला त्याच नावाने वेगळे दुकान थाटू देण्याच्या प्रथेला ‘नोरेनवाके’, म्हणजे नोरेनची वाटणी, असे म्हणतात. पडद्यामागचे घर बहुधा ‘माचिया’ प्रकारचे, लाकडी, अरुंद तोंडाचे आणि खूप खोलवर गेलेले असते. त्याला क्योतोचे लोक ‘ईल माशाचे अंथरूण’ म्हणतात. पुढे दुकान आणि मागे राहते घर अशी रचना असल्यामुळे आत पाऊल टाकणारा मनुष्य बाजारात कमी आणि कुणाच्या तरी घरात अधिक आलेला असतो. फोटो काढण्यापूर्वी विचारणे आणि मांडलेल्या वस्तूला परवानगीवाचून हात न लावणे हे शिष्टाचार त्यातूनच आले आहेत.

शहराच्या उत्तरेला इमामिया देवस्थानाच्या पूर्व दरवाजाबाहेर, एकाच गल्लीत समोरासमोर, दोन दुकाने ‘आबुरी मोची’ हा एकच पदार्थ विकतात. त्यांपैकी ‘इचिवा’ आपली स्थापना इ. स. १००० मधली सांगते. समोरची ‘काझारिया’ काही शतकांनी धाकटी आहे. चिकट तांदूळ वाफवून व कुटून केलेल्या मोचीचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा तोडून तो भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवायचा, बांबूच्या चिरलेल्या काडीच्या टोकाला खोचायचा आणि कोळशावर धरायचा. हे सारे दुकानाच्या दर्शनी भागात, बसल्या जागी, बहुतेक बायकांच्याच हातून होते. टोके करपू लागली की काड्या उचलून वर गोडसर पांढऱ्या मिसोचा, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वाटणाचा, पातळ रस ओततात आणि चहाच्या किटलीसह बशी पुढे ठेवतात. हा प्रसाद खाल्ल्याने रोगराई टळते अशी श्रद्धा आहे. पदार्थसूची म्हणावी असे येथे काही नाही, आणि एवढ्या शतकांत ती लांबवण्याचा मोह टाळला गेला, ही या दोन्ही दुकानांची सर्वांत मोठी कमाई मानली पाहिजे.

वारसाहक्काचा प्रश्न मात्र कोणत्याही घराण्याला चुकत नाही. मुलगा नसला, किंवा असून धंद्याच्या कुवतीचा नसला, तर लायक जावयाला दत्तक घेऊन आपले आडनाव देण्याची ‘मुकोयोशी’ ही पद्धत जपानी व्यापाऱ्यांनी निःसंकोच वापरली. मराठीतल्या घरजावयाभोवती जो थट्टेचा सूर असतो, तो येथे लागू पडत नाही. हा जावई पेढीचा पुढचा प्रमुख असतो. रक्ताच्या नात्यापेक्षा कामाचे सातत्य मोठे मानल्यामुळेच ही घराणी तगली.

सातत्य म्हणजे साचलेपण नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १४६५ मध्ये ओवारी प्रांतातून क्योतोला आलेली ‘होंके ओवारिया’ ही मुळात मिठाईची पेढी. पुढे ती ‘सोबा’ या कुट्टूच्या शेवयांसाठी प्रसिद्ध झाली. ‘काइकादो’ हे चहाचे डबे करणारे दुकान तर १८७५ मध्ये, इंग्लंडहून आलेला टिनचा पत्रा हे त्या काळचे नवलाईचे साहित्य घेऊन सुरू झाले, आणि त्याच्या नावातला ‘काइका’ हा शब्दही मेइजी काळातील आधुनिकतेच्या घोषणेतला आहे. १३० हून अधिक टप्प्यांतून हाताने घडवलेल्या दुपदरी डब्याचे झाकण सांध्याशी सांधा जुळवून वर नुसते ठेवले, की आतली हवा हळूहळू बाहेर सारत ते स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि घट्ट बसते. हाच डबा तांबे आणि पितळ या धातूंतही मिळतो. रोज हाताने पुसल्यास तांब्याचा रंग लवकर गडद होतो, टिनला मात्र कित्येक वर्षे लागतात. आणि आजीने वापरलेला डबा झाकण सैल झाले म्हणून नातीने आणून दिला, तर तो येथे दुरुस्त करून मिळतो.