उष्ण प्रवाहाच्या काठची शैवाले

पेरू आणि नामिबिया यांसारख्या पश्चिम किनाऱ्यांलगत थंड प्रवाह वाहतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किनारा याला अपवाद आहे. तिथे लीविन प्रवाह उत्तरेचे उबदार पाणी दक्षिणेकडे नेतो, त्यामुळे पाण्याचे तापमान हळूहळू उतरते आणि शैवालांच्या जातीही एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलतात. उत्तरेला निंगालूच्या प्रवाळांत सरगॅसमसारखी उष्णप्रिय शैवाले आढळतात, तर दक्षिणेच्या खडकांवर एक्लोनिया या केल्पची दाट वने असतात. अॅब्रॉल्होस बेटांजवळ, सुमारे 28 ते 29 अंश दक्षिणेला, प्रवाळ आणि केल्प जवळजवळ शेजारी वाढतात. असा शेजार जगात क्वचितच दिसतो. अर्थात तापमानाइतकेच तळाला महत्त्व आहे. केल्पला चिकटायला खडक लागतो. वाळूच्या पट्ट्यात त्याची वने उभी राहत नाहीत.

प्रवाळ आणि केल्प यांच्यातील सीमा कायमची नाही. 2011 च्या उन्हाळ्यात सागरी उष्णतेची लाट आली आणि कालबारीजवळील केल्पची उत्तर सीमा सुमारे 100 किलोमीटर मागे सरकली. त्या जागी आखूड, गालिच्यासारखी शैवाले पसरली. पुढे पाणी निवले, तरी केल्प परतले नाही, कारण उष्ण कटिबंधातून आलेले शाकाहारी मासे त्याची कोवळी रोपे खाऊन टाकत होते.