गिरेबाजाची जोडी लावताना
अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त कबुतरांच्या दोन कसरती नोंदवल्या आहेत : चर्ख आणि बाजी. हवेत कोलांट्या घेणाऱ्या कबुतराला आपल्याकडचे शौकीन गिरेबाज म्हणतात. जमिनीवर लोळतो तो लोटन. उचलून शांत केले नाही तर काही लोटन मरेपर्यंत लोळतात, असे डार्विनने १८६८च्या ग्रंथात लिहिले आहे.

कोलांटी रक्तातून येते, ती शिकवता येत नाही. शिकवायचे ते शिटीसरशी ढाबळीवर उतरणे. नवा माणूस चुकतो तो जोडी लावताना. सर्वांत लांब कोलांट्या घेणारा नर आणि तशीच मादी! मीही हेच केले. त्यांचे पिल्लू चौथ्या महिन्यात कोलांटीतून सावरलेच नाही, शेजारच्या पत्र्यावर आदळून गेले. आता जोडीतला एक तरी पक्षी वेळेवर सावरणारा बघतो, मग कोलांट्या चार कमी पडल्या तरी चालतील.

अंडी सुमारे १८ दिवसांत फुटतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू स्वतः दाणे टिपू लागले, की संध्याकाळी, खाण्याआधी बाहेर काढावे. भुकेले पाखरू लांब जात नाही. संक्रांतीच्या दिवसांत मात्र ढाबळ बंदच. येवल्यात काय, नाशकात काय, आभाळभर मांजा असतो.